विहिरीत सोडलेला दिवा

मी मंगरूळपीरला शाळेत विज्ञान शिकवते. "मॅडम, तुम्ही देव मानता का?" असं पोरं दरवर्षी विचारतात, आणि मी दरवर्षी "पुस्तकं उघडा" म्हणून वेळ मारून नेते. गेल्या रविवारपासून मात्र हा प्रश्न माझी पाठ सोडत नाही.

कामरगावकडं आमचं शेत आहे. माय आणि धाकटा भाऊ तिथं राहतात. शेतातली जुनी विहीर कित्येक वर्षं वापरात नव्हती. लोकांनी तिच्यात पराटी, म्हणजे कपाशीची वाळकी झाडं टाकली, पालापाचोळा टाकला, सगळं आत कुजलं. वरून फळ्या टाकून ती झाकलेली होती. भावाला यंदा ती साफ करून मोटर बसवायची होती. रविवारी तो स्वतःच आत उतरणार होता, म्हणून मी गेले.

आमच्याकडं बंद विहिरीत माणूस उतरायच्या आधी आसरांना विचारतात. आसरा म्हणजे पाण्यातल्या देवी, साती बहिणी. कणकेचा दिवा टोपलीत ठेवायचा आणि टोपली दोरानं आत सोडायची. दिवा जळत राहिला तर परवानगी. विझला तर त्या कोपल्या.

मायनं दिवा सोडला. मी काठावरून वाकून पाहत होते. अर्ध्यावर ज्योत बारीक झाली आणि गेली. फडफडली नाही, नुसती गेली.

"कोपल्या वं माय," म्हणत मायनं लगेच नारळ फोडला. खण, हिरव्या बांगड्या, हळदकुंकू, सगळं विहिरीत वाहिलं, नाक घासलं. मग पदर झटकून भावाला म्हणाली, "झाला त्याइचा मानपान. आता उतर खुशाल."

भाऊ हसत होता. रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेला गडी! "माय, देवीगिवी काई नसते. कुजलेल्या पराटीचा गॅस असते तो, त्यात दिवा विझते अन् माणूस गुदमरते. म्हणून तर कालपासून विहीर उघडी ठेवली म्या. गेला असन तो सारा. दिवा वाऱ्यानं विझला." आणि कमरेला दोर बांधून त्यानं एक पाय आत टाकलासुद्धा.

मी दोघांकडे पाहतच राहिले. एरवी या मायलेकांचं भाजीतल्या मिठावरूनही जमत नाही, आणि आज माणूस आत पाठवायला दोघं एकमतानं तयार! माझं डोकं सणकलं. मी त्याची कॉलर धरली.

"दिवा पुन्हा सोड."

"काहून वं ताई? सांगून राह्यलो ना, गॅस गेला."

"गेला असन म्हणालास. असन! परीक्षेत असंच लिहून पास झालास का रे?"

मायही चिडली. "देवीले दोनदा विचारत नाई. अपमान होते त्याइचा."

"होऊ दे!" मी ओरडले.

दिवा मीच लावला, टोपली मीच सोडली. वारा पडला होता, बाभळीचं पान हलत नव्हतं. आणि खरं सांगते, त्या वेळी या विज्ञानाच्या बाईच्या तोंडून आपोआप निघालं, आसराई, विझव. काहीही कर, पण विझव. कारण दिवा जळत राहिला असता तर भावाला अडवायला माझ्याकडं काहीच उरलं नसतं.

ज्योत त्याच जागी गेली. धूर वर आला नाही, तिथंच पसरून राहिला. भावानं पाय बाहेर काढला. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

घरी आल्यावर दोघं पुन्हा नेहमीसारखे. माय म्हणे, आसरांनी पोराला वाचवलं. भाऊ म्हणे, गॅस असतो हे मी सांगितलंच होतं. जेवताना दोघंही खुशीत होते. दुसऱ्यांदा विचारणं तिच्या देवात बसत नव्हतं, आणि याच्या विज्ञानाला त्याची गरज वाटली नव्हती. निघताना मी भावानं कमरेला बांधलेला तो नायलॉनचा दोर गुपचूप पिशवीत कोंबला आणि मंगरूळला घेऊन आले.

आज मधल्या सुट्टीत भावाचा फोन आला. आवाजात नुसता उत्साह.

"ताई, दोर नवा आणला. माय उद्या सकाळी आसरांची मोठी पूजा करून राह्यली, मंग मी उतरतो. अन् त्या दिव्याची कटकटच मिटवली म्या. डोक्याले बांधाची बॅटरी आणली, चार्जिंगची."

"अरे, पण ऐक..."

"ही विझतच नाई, ताई."