दहाव्याला दिलेले केस

सातवीच्या वर्गातली एक पोरगी म्हणाली, "सर, तुमच्या डोक्याला खडू लागलाय." मी हातानं झटकलं. "आजून हाय की सर, कानाच्या वर." पुन्हा झटकलं. वर्ग खुसखुसायला लागला आणि मला राग आला, कारण त्या तासाला मी खडू हातात धरलाच नव्हता.

मधल्या सुट्टीत ऑफिसातल्या आरशात बघितलं. कानाच्या वर चार-पाच केस, पांढरेफटक. तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो. तोंडातून जे निघालं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मांजरसुंब्याजवळच्या एका खाजगी शाळेत मी विज्ञान शिकवतो. केसाला मेलॅनिननं रंग कसा येतो, तो कशानं जातो, हे पोरांना मीच शिकवतो. एखाद्याचे लवकर पिकतात, एखाद्याचे उशिरा, त्यात काही वावगं नाही, असंही सांगतो. त्या दिवशी घरी जाताना मात्र रुमाल डोक्याला बांधून गाडी चालवली.

दारात रुमाल सोडला, आणि चप्पल काढायच्या आत आईनं बघितलं. "कुणी बघितलं का?" हा तिचा पहिला प्रश्न. दुखतंय का, जेवतोस का नीट, असलं काही नाही. मला उजेडात ओढून तिनं ते केस एक एक करून उपटले. मी ओरडलो तर म्हणाली, "गप ऱ्हा. तुझं लगीन व्हायचंय आजून."

तिची धास्ती उगाच नव्हती. वडील मी चौथीत असताना गेले. शाळेचा पगार म्हणजे नावालाच पगार. आमच्याकडं पोरींना हल्ली शेतीवाला नको असतो, खाजगीतला नको असतो, आणि मी दोन्ही होतो. त्यात डोकं पिकलेलं. गावात माझ्याबरोबरची चार-पाच पोरं तशीच राहिलीत. त्यांच्याकडं बघून बायका आपसात काय बोलतात ते आई पाणवठ्यावर ऐकून यायची आणि घरी येऊन माझ्या कानाच्या मागं बोट घालून बघायची.

मग काळ्या मेंदीची पुडी आली. दर पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी, दार लावून. आई जुन्या टूथब्रशनं लावायची आणि वर्तमानपत्राचा कागद खांद्यावर टाकायची. चुलतभाऊ एकदा भसकन आत आला आणि बघून खाली बसला हसत. "काय बे म्हाताऱ्या, पेन्शन सुरू झाली का?" आईनं त्याला त्याच ब्रशनं हाणलं. पण तो बाहेर कुठं बोलला नाही, एवढं त्याचं मानतो.

त्याचे वडील म्हणजे माझे थोरले चुलते. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. माझे बूट, माझी फी, माझं बी.एड., सगळं त्यांनी बघितलं, आणि कधी बोलून दाखवलं नाही. केसांवरून ते एकदाच बोलले. "कावून लावतो रे हे? डोकं नासंल. लोकाला काय करायचं?" मी म्हणालो, "आबा, तुमचं लगीन झालंय." ते लई वेळ हसले.

आबांनीच शेवटी स्थळ आणलं. वडवणीकडचं. मुलगी तिथं कॉम्प्युटरचे क्लास घेते. मला एकतीस चालू होतं. मध्यस्थानं वय विचारलं तेव्हा आई पटकन म्हणाली, "अठ्ठावीस." आबा पाणी पीत होते. त्यांनी तांब्या खाली ठेवला, आईकडं बघितलं आणि काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही. बघायचा कार्यक्रम झाला, पसंती आली, साखरपुड्याचं ठरलं, आणि आम्ही दोघं रोज फोनवर बोलायला लागलो. ती सरळ बोलते. पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "मला खोटं बोललेलं चालत न्हाई. मग ते किती बी बारीक असो." मी हो हो म्हणालो आणि रविवारी पुडी भिजवली.

साखरपुड्याला काहीच दिवस राहिले असताना आबा गेले. बाजारातून घरी आले, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत संपलं सगळं.

आता जे सांगतोय ते सांगायला जीभ रेटत नाही. तिसऱ्या दिवशी राख सावडून आलो, ओसरीवर भावकी बसली होती, मोठी आई, म्हणजे आबांची बायको, आत रडत होती, आणि माझी आई माझ्या डोक्याकडं बघत होती. मला क्षणात कळलं तिच्या मनात काय आहे. आमच्याकडं दहाव्याला भावकीतल्या पुरुषांनी केस द्यायचे असतात. डोकं, मिशी, सगळं. आणि एकदा दिले की महिना होईपर्यंत डोक्याला वस्तरा लावायचा नाही, असा आमच्या घरचा दंडक.

म्हणजे केस वाढणार. जसे आहेत तसे वाढणार. सगळ्यांसमोर.

सुतकात तेल नाही, फणी नाही, मेंदीचा तर प्रश्नच नाही. सातव्या दिवशी मी न्हाणीत आरशाच्या तुकड्यात भांग पाडून बघितला. मुळाशी पांढरी रेघ उठली होती. माणसं येत होती, आबांच्या आठवणी सांगत होती, आणि मी डोक्याला उपरणं गुंडाळून मान हलवत होतो. कोण काय सांगून गेलं, त्यातलं मला आज काही आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की कोण माझ्या कपाळाकडं बघतंय यावर माझं ध्यान होतं.

नवव्या दिवशी आईनं मला चुलीपाशी बोलावलं. "नुसती एक बट दे. नोकरीवाले देत्यात तसंच. शाळा हाय म्हणावं."

"शाळेनं काय टक्कल बंद केलंय का?" मी तापलो. "आबांसाठी बट देऊ? बापाच्या जागी होते ते."

"मला सांगतो व्हय?" ती खालच्या आवाजात ओरडली. "त्यांनीच जुळवलंय ना हे? मोडलं तर त्यांनाच वाईट वाटंल." मग पदर तोंडाला लावून रडली. आबांसाठी की स्थळासाठी, तिलाही सांगता आलं नसतं.

दहाव्याला नदीवर आम्ही ओळीनं बसलो. चुलतभाऊ पहिला, मी दुसरा. वस्तरा कपाळापासून मागं गेला आणि केस मांडीवर पडले. वर काळेकुट्ट, मुळाशी पांढरे. मी पटकन हातानं ते ओल्या वाळूत ढकलले. चुलतभावानं ते बघितलं. स्वतःचा बाप गेलेला, डोळे सुजलेले, तरी तो सरकून माझ्या आणि भावकीच्या मधे बसला, की कुणाला दिसू नये. पिंडाला कावळा लवकर शिवेना. लोक म्हणाले, आबांचा जीव पुतण्याच्या लग्नात अडकलाय. कुणीतरी मला पुढं व्हायला सांगितलं. मी हात जोडून म्हणालो, "लगीन होईल आबा, काळजी करू नका." खरंच होईल का, याचीच मला धाकधूक होती. पाच-दहा मिनिटांनी कावळा शिवला.

चार दिवसांत डोक्यावर खुंट आले. काळे कमी, पांढरे जास्त. सहा वर्षांत ते किती पिकलं होतं ते मलाही तेव्हाच कळलं. आईनं मेंदी लावून बघितली, तर ताज्या वस्तऱ्यावर अशी आग उठली की मी हौदाकडं पळालो. कातडी काळीनिळी झाली, केस होते तसेच. दोन दिवस मी शाळेत टोपी घालून गेलो, आणि हेडमास्तरांनी "दुःख आहे, असू द्या" म्हणून सोडून दिलं.

त्यातच मुलीकडून निरोप आला. तिचे वडील आणि चुलते भेटायला येणार. आमच्याकडं घरात कुणी गेलं की लग्न एक तर तीन महिन्यांच्या आत उरकतात, नाहीतर वर्षभर थांबतात. ते काय म्हणतायत त्यावर सगळं होतं. वर्षभर थांबायचं म्हणजे स्थळ गेलंच समजा.

ते आले. दुखवट्याच्या घरात बसतात तसे खाली मान घालून बसले. मी पाणी घेऊन गेलो. टोपी होती, पण आबांच्या फोटोपुढं बसताना मोठी आई म्हणाली, "टोपी काढ लेकरा, नमस्कार कर." काढावीच लागली.

मुलीचे वडील बघत राहिले. ओसरीवर पंधरा-वीस माणसं बसलेली. आईनं हातातली बशी मांडीवर दाबून धरली. मी फोटोकडं तोंड करून बसलो होतो आणि माझ्या मानेवरून घाम उतरत होता. वाटलं, झालं. आता उठतील.

"आरं देवा," ते म्हणाले. त्यांचा आवाज भरून आला होता. "चुलत्याच्या दुःखानं पोराचं डोकं पांढरं झालं हो."

मग आई म्हणाली, "व्हय हो. रातोरात." 

भावकीतल्या एकानं मान हलवली, दुसऱ्यानं हलवली. मोठ्या आईनं हंबरडा फोडून मला जवळ घेतलं. चुलतभाऊ भिंतीला टेकून माझ्याकडं बघत होता. एका शब्दात तो सगळं उलथवू शकला असता. त्याच्या बापाच्या मरणावर मी माझी चोरी झाकत होतो, आणि तो ते बघत होता. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "लई जीव होता ना तुमचा?" मी मान हलवली. वर्गात मेलॅनिन शिकवणारा मी. त्यांनी माझ्या पाठीवर हात फिरवला, म्हणाले असं माणूस धरून राहणारं पोरगं हल्ली मिळत नाही, आणि लग्न तीन महिन्यांत करू असं सांगून गेले.

ते गेल्यावर आई देवापुढं जाऊन बसली. चुलतभाऊ उठला, मला म्हणाला, "जमलं बे तुझं," आणि बाहेर निघून गेला. त्याच्या तोंडावर हसू नव्हतं. मला ते "बे" असं लागलं की वाटलं, त्यानं तिथंच सगळ्यांत सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. मी अंगणात उभा होतो, आई दारात शेंगा निवडत होती.

"बाबा घरी येऊन सगळ्यांना सांगायलेत," ती म्हणाली. "आईला रडू आलं. शेजारच्या बायकांना बी सांगून झालं." मग तिनं विचारलं, "केस असे पिकतेत का हो? तुमी तर विज्ञान शिकवता."

आईनं हातातली शेंग तशीच धरली.

"कधीपासून हायत?"

"सहा वर्षं," मी म्हणालो. "मेंदी लावायचो."

आई उठली. नको, नको, असे तिचे हात चालले होते. पण एकदा तोंड उघडल्यावर मला थांबता येईना. "आणि वय अठ्ठावीस न्हाई. एकतीस हाय."

आईनं सूप बाजूला टाकलं आणि जवळ येऊन फोनवर ओरडली, "त्याचा काही दोष न्हाई गं बाई! मीच सांगितलं. भ्याले मी. माझ्यामागं पोरगं एकटं ऱ्हाईल म्हणून लई भ्याले!" मग तिथंच मातीत बसली.

फोनवरून ती म्हणाली, "आईंना म्हणावं, ऐकलं मी." आवाज कोरडा होता. "मला राग आलाय. लई आलाय. बाबांना मी सांगणार हाय, आजच. ते काय म्हणतेत, मी काय म्हणते, ते नंतर." 

"बरं," मी म्हणालो. 

"मला आत्ता एकच सांगा. काल तुमाला बाबांनी विचारलं, लई जीव होता का, आन तुमी मान हलवली. ते तरी खरं होतं का? का ते बी तसलंच?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं. आबा गेल्यापासून मी एकदाही रडलो नव्हतो. सरणापाशी नाही, नदीवर नाही. सगळे दिवस मी माझंच डोकं राखत बसलो होतो. आबा गेले, माझे बूट आणणारे आबा गेले, आणि मी त्यांच्याकडं नीट बघितलंसुद्धा नाही. जे आलं ते पोटातून आलं. मी अंगणात उभा राहून लहान पोरासारखा मोठमोठ्यानं रडलो. आई घाबरून माझे पाय धरून बसली. फोन तसाच कानाला होता.

पलीकडं तिनं फोन ठेवला नाही.