सुकट, घार आणि दोन सेकंद

आजही कुठल्या गच्चीवर गेलो की सानपाड्याची ती केस आठवते. ऐंशीच्या दशकाची अखेर होती. सकाळीच आमच्या पोलीस ठाण्यात फोन आला, "वहिनीने माझ्या भावाला गच्चीवरून ढकललं." भाऊ जागीच गेला होता.

कुटुंब जवळच्या गावातलं, नुकतंच फ्लॅटमध्ये राहायला आलेलं. गावात सुकटीची बारीक मासळी अंगणात वाळत घालायची, इथे गच्चीवर. तिथला एका बाजूचा कठडा बांधायचा राहिला होता. पंचनाम्यात मी टेप धरायला लावली. गच्ची वीस मीटर उंच, माणूस पडला भिंतीपासून सहा मीटरवर.

बाईला ताब्यात घेतलं. तिची लहान मुलगी ठाण्याच्या बाकावर रडून रडून झोपली. बाई एकच सांगत होती, "मी नाय ढकललं, सायेब. घार सुकटीवर आली, ते वर बघत तिच्यामागं धावलं."

मी सायन्सचा पदवीधर. ते सहा मीटर मला स्वस्थ बसू देईनात. वीस मीटर पडायला साधारण दोन सेकंद लागतात. माणूस सरळ खाली पडो की पुढे झेपावत पडो, वेळ तेवढाच, कारण पुढे जाण्याच्या वेगाचा खाली जाण्याच्या वेगावर परिणाम होत नाही. दोन सेकंदांत सहा मीटर पुढे, म्हणजे सेकंदाला तीन मीटर. हा धावत्या माणसाचा वेग झाला.

वरिष्ठ वैतागले, "अहो, हे पोलीस स्टेशन आहे, कॉलेज नाही!"

म्हटलं, बरं, डोळ्यांनीच बघा. माणसाच्या वजनाचं वाळूचं पोतं गच्चीच्या कडेला उभं केलं आणि आमच्यातल्या सर्वांत दांडग्या हवालदाराला ढकलायला लावलं. "लावा जोर! खाल्लेलं जातं कुठे तुमचं?" पुन्हा पुन्हा ढकलूनही पोतं भिंतीपासून दोन मीटरच्या आतच पडलं.

मग फोन करणाऱ्या दिराला समोर बसवून सगळा हिशेब समजावला, बाईच्या देखत. विचारलं, "तू स्वतः पाहिलंस?"

तो ढसाढसा रडला. "नाय सायेब. आवाज आइकून वर गेलो, तं वयनी कडेला उभी. दादा गेला, मंग कुनाला तरी धरायला पायजे ना?"

संताप आला, पण त्याच्याकडे बघून शिवीही निघेना. खोटं बोलणारा प्रत्येक जण बदमाश नसतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

बाईला सोडलं. मुलीला कडेवर घेऊन ती दारात थांबली.

"सायेब, दोन शेकंद लागलं म्हनता. तेवढ्यात त्यांना आमची आठवन आली असंल?"

"आली," मी म्हणालो.

सगळ्या नोकरीत पुराव्याशिवाय ठामपणे केलेलं माझं ते एकच विधान.