खाज्यासाठी आईला पेशंट केलं

लोक थीम पार्कात जाऊन आइस्क्रीम खातात. मी तिथे जाऊन माती खाल्ली! तीही सहकुटुंब, भर दुपारी, सगळ्यांसमोर. हसायचं तर हसा, पण शेवटी. आधी पूर्ण ऐकून घ्या.

मे महिन्याची सुट्टी. लालबागहून भाड्याची गाडी केली आणि एक्स्प्रेसवेच्या बाजूच्या त्या मोठ्या पार्कात निघालो. आम्ही चौघं. मी, बायको सुप्रिया, सातवीतली लेक स्वरा आणि माझी आई.

आता आमच्या घरात थीम पार्क म्हणजे काय, तर गोड खायची जागा. झोपाळे-घसरगुंड्या नंतर. स्वराला कँडी फ्लॉस लागतो, गुलाबी, तिच्या डोक्यापेक्षा मोठा. सुप्रियाला चॉकलेटात बुडवलेला कोन. आणि मला? मला दुसऱ्याच्या हातात असेल ते सगळं आवडतं. "टाकू नकोस गं, दे इकडे!" हे माझं वाक्य ठरलेलं. स्वतःसाठी मी काहीच विकत घेत नाही, त्यामुळे माझं खाणं अगदी बेताचं आहे असा माझा कित्येक वर्षं समज होता.

आईचं मात्र वेगळं. ती मालवणकडची. लग्न होऊन लालबागला आली, पण जत्रा काही तिच्या डोक्यातून गेली नाही. तिच्या हिशोबाने थीम पार्क म्हणजे तिकीट लावलेली जत्रा! आणि जत्रा म्हटली की खाजा हवाच. आदल्या दिवशी बघतो तर बाई गूळ-आल्याचा पाक करून बेसनाच्या जाड शेवांवर चढवतायत. घरभर आल्याचा वास.

"आई, तिथे बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत गं."

"बाहेरचा खय? ह्या घरचा आसा!"

बोला आता!

मी हट्टाने नाही म्हटलंही असतं, पण एक गोष्ट होती. माझ्या आजोबांचं जत्रेत खाज्याचं दुकान लागायचं. आई लहानपणी तिथे बसून पुड्या बांधायची आणि समोर पाळणा फिरत असायचा. एकदाही तिला त्यात बसायला मिळालं नाही. दुकान सोडून जाणार कोण? मग लग्न, मग चाळीतला संसार, मग आम्ही पोरं. राहूनच गेलं.

"यंदा माका पाळण्यात बसूचा हा," ती म्हणाली, "आणि वर बसान खाजा खातलंय."

डबा गुपचूप माझ्या पाठीवरच्या बॅगेत गेला. पदराच्या टोकाला तिने दोन तुकडे बांधून ठेवले ते वेगळे.

पार्कच्या दारात बायकांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी. माझ्या बॅगेची चेन गार्डने उघडली आणि डबा वर काढला.

"सर, बाहेर का खाना अलाऊड नहीं है."

आता सरळ म्हणायचं ना, की बाबा रे, ठेव इथे, जाताना घेतो! पण नाही. आमचं डोकं नको तिथे चालतं.

"अरे भाई, दवाई है! मेरी माँ को शुगर है. अचानक उतर जाती है. मीठा नहीं दिया तो... समजो!" आणि पलीकडच्या रांगेतल्या आईकडे बोट दाखवून मी चेहरा असा केला की मलाच रडू आलं.

गार्ड बिचारा भला माणूस. डबा परत दिला. मी मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या! तेवढ्यात त्याने कमरेचा वॉकीटॉकी काढला.

"फर्स्ट एड, गेट पे आओ. शुगर पेशंट है. वो हरी साडीवाली आजी."

दोन मिनिटांत एक नर्स आली आणि आईच्या मनगटावर नारिंगी पट्टा बांधून गेली. "आजी, काही लागलं तर मला सांगायचं हं," असं गोड बोलून. मागून चाकाची खुर्ची आली, ढकलायला माणूस आला. मला घाम फुटला. आई मात्र खूश!

"बघलंस? म्हाताऱ्या माणसाक हय किती मान आसा! तुमच्या लालबागात कोण उठान जागा पण देना नाय."

खरं सांगायचा धीर झाला नाही. म्हटलं, मान मिळतोय तर मिळू दे.

मग काय, मिरवणूकच! पुढे खुर्चीत आई, मागे आम्ही. प्रत्येक स्टॉलवाला पट्टा बघून विचारायचा, "आजी, बरं वाटतंय ना?" एकाने लिंबू सरबत दिलं, एकाने पंखा वळवला. आई पट्टा लोकांना दाखवत सुटलेली. माझ्या घशाखाली काही उतरत नव्हतं असं म्हणणार होतो, पण खोटं कशाला बोलू? स्वराचा अर्धा कँडी फ्लॉस उतरला, सुप्रियाचा अर्धा कोन उतरला, आणि टेन्शनमध्ये डब्यातला खाजाही बराच उतरला.

शेवटी आकाशपाळण्यापाशी आलो. आई खुर्चीतून टुणकन उठली, पदर खोचला आणि रांगेत उभी राहिली. नंबर आला. पाळणेवाल्याने तिचा हात बघितला.

"आजी, तुम्हाला नाही बसता येणार. नारिंगी पट्टा आहे. पेशंटला परवानगी नाही."

"पेशंट? खयचो पेशंट?"

"तुम्हीच. तुम्हाला शुगर आहे ना?"

आई हळूच माझ्याकडे वळली. सुप्रिया वळली. स्वरा वळली. मी आकाशाकडे बघत होतो.

"मेल्या," आई म्हणाली, "जित्या आवशीक पेशंट केलंस? खाज्यासाठी?"

शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं हो. पण ती रांगेतून बाहेर आली आणि पाळण्याकडे बघत उभी राहिली. लहानपणी दुकानात बसून बघत असेल तशीच. मला इतकं वाईट वाटलं की सांगता सोय नाही. आणि वाईट वाटलं की मी काय करतो? दुसरी थाप मारतो!

"ओ दादा, पट्टा माझा आहे! चुकून आईला बांधला. पेशंट मी आहे, मी!"

नर्सला बोलावणं गेलं. ती आली, माझ्याकडे रोखून बघितलं.

"गार्डला तर तुम्ही आईचं नाव सांगितलं होतं."

"स्वतःचं सांगायला लाज वाटली हो."

"लाजायचं काय त्यात? द्या बोट इकडे."

तिने आईचा पट्टा कापला, नवा माझ्या हाताला बांधला आणि आई पळतच पाळण्यात जाऊन बसली, स्वराला घेऊन. इकडे माझ्या बोटात सुई, तिकडे पाळणा वर. मी "आई गं!" म्हणून ओरडलो आणि वरून उत्तर आलं, "महेशा! हयसून सगळा दिसता रेऽऽ!" पदराची गाठ सोडून बाई खुशाल खाजा खात होत्या. हे बघून मला इतका आनंद झाला की सुईही विसरलो.

नर्स मशीनकडे बघत होती. पुन्हा बघितलं. दुसरं बोट मागितलं.

"काका, तुम्ही उतरते म्हणालात. ही तर चढलीय! गोड खाल्लंय म्हणून थोडी वाढणारच, पण ही थोडी नाही. गोळ्या कुठल्या घेता?"

"गोळ्या? मी कशाला गोळ्या घेऊ? मला काही शुगर नाही!"

"आता आहे," सुप्रिया म्हणाली, आणि माझ्या हातातला तिचाच कोन काढून घेतला.

नर्सने उद्याच्या उद्या डॉक्टर गाठायला सांगितलं आणि मला त्या चाकाच्या खुर्चीत बसवलं. तोवर आई खाली आली, गाल लाल, केस विस्कटलेले. नर्स कुडाळची निघाली. झालं! "घे गो, लाज नको," म्हणत आईने डबाच उघडला. नर्सने खाल्ला, खुर्ची ढकलणाऱ्याने खाल्ला, काय गर्दी म्हणून बघायला आलेल्या गेटवरच्या गार्डनेही मूठभर तोंडात टाकला.

मी म्हटलं, आता सगळेच खातायत तर एक तुकडा... आणि हळूच हात पुढे केला.

गार्डने माझ्या नारिंगी पट्ट्याकडे बघितलं, डबा बाजूला ओढला आणि भरल्या तोंडाने म्हणाला, "सर, बाहेर का खाना अलाऊड नहीं है!"