होल्याची अंडी आणि दुबेभाभींची रजई

आमच्या कूलरमध्ये होल्याने अंडी घातली, तेव्हा ती तिथेच राहू द्यायची हा निर्णय माझा होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं त्यात दोष देण्यासारखं दुसरं कुणी सापडत नाही. मी शोधून पाहिलंय.

मला एक सवय आहे. (आमचे हे तिला व्यसन म्हणतात.) सकाळचा चहा झाला की मी फोनवर जगभरातलं चांगलंचुंगलं धुंडाळते आणि आमच्या मराठी महिला मंडळाच्या ग्रुपवर पाठवते. एक काहीतरी हिरव्या राहणीबद्दल, म्हणजे भाजीच्या सालींचं खत वगैरे. एक वीज वाचवण्याबद्दल. आणि शेवटी तोंड गोड करायला रानावनातले फोटो. भूगोल शिकवण्यात आयुष्य गेलं, रिटायर झाले तरी शिकवल्याशिवाय माझा घास उतरत नाही. ग्रुपवर मात्र कुणी काही वाचल्याचा पुरावा नसतो. खाली नुसते जोडलेले हात येतात. ते कौतुकाचे असतात की 'बाई, आता पुरे' असे, हे मी कधी कुणाला विचारलं नाही. काही प्रश्न न विचारलेलेच बरे.

ह्यांचं माहेर, म्हणजे आपलं, मूळ गाव नागपूर. नोकरी इथे हिंदी मुलखात, मोठ्या कारखान्यात, संसार पिपलानीच्या क्वार्टरमध्ये, आणि रिटायर झाल्यावर अवधपुरीत बांधलेलं हे घर. घरात एसी नाही. मुलगी पुण्याहून पैसे पाठवते म्हणाली होती, तर मी तिला एसीमुळे बाहेरची हवा कशी तापते यावरचा लेख पाठवला. तिने जोडलेले हात पाठवले. त्यामुळे आमचा सगळा उन्हाळा हॉलच्या खिडकीला बाहेरून लावलेल्या एका कूलरच्या भरवशावर असतो.

तर चैत्र लागला, ऊन कडकडायला लागलं, आणि हे कूलरचं गवत बदलायला शिडीवर चढले. थंडीत हवा खेळावी म्हणून कूलरची एक बाजू उघडी ठेवली होती. तिथून शिरून एका होल्याने थेट मोटरवर चार काड्या टाकल्या होत्या. (होला म्हणजे कबुतराचा गरीब, सोशिक भाऊ. घरटं बांधण्यात मात्र अगदीच कामचुकार.) त्या चार काड्यांवर दोन पांढरी अंडी, आणि त्यांच्यावर बसून होली, म्हणजे होल्याची मादी, ह्यांच्याकडे बघत होती.

ह्यांनी घरटं अलगद उचलून शेजारच्या जास्वंदीत ठेवायचं ठरवलं. माणूस इंजिनीअर, त्यांच्या मते प्रत्येक गोष्ट उचलून दुसरीकडे बसवता येते. मी हां हां करत धावले. घरटं हलवलं तर आई परत येईलच असं नाही, हे मी चारच दिवसांपूर्वी ग्रुपवर पाठवलं होतं. आणि ह्यांचं पुढचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी फोटो काढून पाठवूनही दिला. खाली लिहिलं, 'यंदा आमच्या घरी कूलर बंद. पाहुण्यांचं बाळंतपण आहे.'

आणि चमत्कार झाला. जोडलेल्या हातांऐवजी शब्द आले! बरखेड्याच्या प्रभाताई, ज्यांच्या शब्दाबाहेर आमच्या मंडळातलं पान हलत नाही, त्यांनी लिहिलं, 'मंगल, आम्ही नुसतं बोलतो, तू करून दाखवलंस.' पाठोपाठ बाकीच्या. मी ते ह्यांना दोनदा वाचून दाखवलं. ह्यांनी शिडीवरून उतरता उतरता एवढंच विचारलं, "आणि मे महिना?"

मी म्हटलं, आपले वाडवडील राहत नव्हते का?

वाडवडील कसे राहत होते कोण जाणे. मला तीन दिवस राहता आलं. दुपारी छताचा पंखा लावावा तर भट्टीतली हवा ढवळल्यासारखं वाटायचं. गादी तापलेली, नळाचं पाणी तापलेलं, डोक्याला लावायचं तेलसुद्धा तापलेलं. चौथ्या दिवशी मी शेजारच्या दुबेभाभींकडे गेले. भाभींकडे एसी आहे. त्याच भाभींना गेल्या उन्हाळ्यात मी एसीच्या दुष्परिणामांवर हिंदीतून इतकं काही पाठवलं होतं की त्या महिनाभर मला पाहून खिडकी लावून घ्यायच्या. पण मनाने फार सरळ बाई. "आइए दीदी, अंदर आइए, लू लग जाएगी," म्हणत त्यांनी मला आत घेतलं.

घरी येऊन मी ह्यांना सांगितलं की दुबेभाभींना पर्यावरणाबद्दल जागृत करायची फार गरज आहे, रोज दुपारी जावं लागेल. ह्यांनी मान डोलावली.

मग तेच सुरू झालं. रोज जेवण आटोपलं की मी फोन घेऊन भाभींकडे. दिवाणावर बसायचं, विजेवरचा नाहीतर निसर्गाचे फोटो कसे काढावेत यावरचा एखादा हिंदी लेख उघडायचा, वाचायला लागायचं आणि दुसऱ्या परिच्छेदात झोपायचं. भाभी बिचाऱ्या माझ्या हातातला फोन अलगद काढून उरलेला लेख स्वतः वाचायच्या. जागृत करायला मी जायचे आणि जागी त्या राहायच्या! वाचून वाचून त्यांनी एसी सव्वीसवर ठेवायला सुरुवात केली. मला ते फार उकडायचं. मी अर्धवट झोपेत म्हणायचे, "भाभी, थोड़ा कम करो." मग गार व्हायचं, मग मला कुडकुडायला व्हायचं, मग भाभी पेटीतली जयपुरी रजई काढून माझ्या अंगावर घालायच्या.

त्या वेळी हे काय करत होते? हे घरी होते. डोक्यावर ओला पंचा, पायाशी पाण्याची बादली, आणि खिडकीला खुर्ची लावून होलीची राखण. ठरलं म्हणजे ठरलं. घरटं हलवायला निघालेला हाच माणूस आता कूलरवर ओलं गोणपाट टाकून होलीला सावली करत होता, मातीच्या परळात पाणी भरत होता. कुकरची शिट्टी बंद झाली, डाळ पातेल्यात शिजू लागली. मुलीच्या बोर्डाच्या परीक्षेतही हे घरात इतकं हळू बोलले नव्हते. मी संध्याकाळी ताजीतवानी होऊन परतले की घामाने निथळत मला दिवसभराचा अहवाल द्यायचे, आणि शेवटी विचारायचे, "तू खूप थकून राहिली का? उन्हाचं रोज जातेस." मी म्हणायचे, चालायचंच, कुणीतरी करायला हवं.

हे लिहितानासुद्धा माझे कान गरम झाले आहेत.

पिल्लं निघाली आणि प्रभाताईंनी ग्रुपवर जाहीर केलं की यंदाचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू मंगलकडे, म्हणजे सगळ्यांना पिल्लंही बघता येतील. आंब्याची डाळ केली, पन्हं केलं, प्रत्येकीच्या हातात वाण म्हणून बांबूचा विणलेला पंखा दिला. बायका भरजरी साड्या नेसून आमच्या त्या भट्टीत बसल्या आणि माझ्या तत्त्वांसाठी घामाघूम झाल्या. प्रभाताईंचं कुंकू नाकापर्यंत ओघळलं, पण तोंडाने म्हणाल्या, "एक दिवस आपल्याला सहन होत नाही, हिने महिना काढला." मी मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

तेवढ्यावर थांबले असते तर निभावलं असतं. पण कौतुक ऐकलं की मला भाषण सुचतं. मी म्हटलं, एका घराने बदलून भागत नाही, दुसऱ्याला बदलावं लागतं. इथे बसलेल्या आमच्या दुबेभाभींना माझ्याच लेखांमुळे निसर्गाचे फोटो काढायचा नाद लागलाय, ते आपण सगळ्याजणी टीव्हीवर बघू. दुबेभाभी लाजल्या, खूश झाल्या, फोन काढून त्यांनी ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी तो टीव्हीला जोडला आणि रिमोट घेऊन उभे राहिले.

आधी बोगनवेल आली. छान. मग पेरू कुरतडणारी खार. त्याहून छान, बायकांनी पंख्यांनीच टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या फोटोत मी होते.

दुबेभाभींचा दिवाण, त्यावर मी. हनुवटीपर्यंत जयपुरी रजई, तोंड उघडं, आणि छातीवर एसीचा रिमोट. फोटो इतका स्वच्छ आला होता की रिमोटवरचा अठराचा आकडासुद्धा शेवटच्या रांगेतून वाचता येत होता.

सगळ्यांचे पंखे हलायचे थांबले. भाभींना वाटलं फोटो कळला नाही, म्हणून त्यांनी समजावून सांगितलं. "लेख में लिखा था ना, शुरुआत सोते हुए जीव से करो, वो हिलता नहीं. फ्लैश भी नहीं चलाया, दीदी की नींद टूट जाती."

त्या एका फोटोवर मला म्हणता आलं असतं की त्या दिवशी जरा बरं नव्हतं. मी तोंड उघडलंही होतं. पण ह्यांनी घाईघाईने पुढचं बटण दाबलं आणि पुढच्या फोटोतही मीच होते, साडी वेगळी. त्यापुढे आणखी वेगळी. उजेड कधी डावीकडून, कधी उजवीकडून. माझ्या कपाटातल्या झाडून सगळ्या सुती साड्या त्या दुपारी मंडळाने पाहिल्या, रजई मात्र एकच.

"रजई सुरेख आहे हो," प्रभाताई म्हणाल्या, आणि पदराने नाकावरचं कुंकू पुसलं. मग कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि त्यानंतर कुणालाच आवरेना. मी पण हसले. दुसरं काय करणार? पण हे हसले नाहीत. त्यांच्या डोक्यावरचा पंचा पाहुण्यांसाठी काढून ठेवला होता, कपाळावर त्याचा पांढरा वळ दिसत होता. टीव्हीकडे बघत त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "थंडी वाजून राहिली होती का तुला?"

रागावले असते तर मी भांडले असते. भांडणात मी हरत नाही. पण त्या प्रश्नात खरोखरची काळजी होती, आणि तिच्यापुढे मला वर बघवेना. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं लोक का म्हणतात, ते मला त्या क्षणी कळलं. आमच्याकडे फरशी होती, आणि ती तापलेली होती.

सगळ्या गेल्यावर मी ह्यांच्यापाशी जाऊन बसले. म्हटलं, चुकलं माझं. तुम्हाला उन्हात टाकून मी तिकडे झोपत होते.

ह्यांनी आधी होलीच्या परळात पाणी भरलं. मग म्हणाले, "सांगायचं ना. मी पण आलो असतो."

पिल्लं यथावकाश उडून गेली. हे नवं गवत घेऊन शिडीवर चढले आणि तसेच खाली उतरले. काड्या त्याच, अंडी नवी. होल्यांना एकदा घर पटलं की पुन्हा तिथेच बाळंतपण करतात, हेही मीच पूर्वी कधीतरी ग्रुपवर पाठवलं होतं. हे आत गेले, पंचा भिजवला, पिळला आणि माझ्या डोक्यावर ठेवला. मग चपला घालून दुबेभाभींकडे गेले.

आता राखणीला मी बसते. पायाशी बादली आहे, डाळ पातेल्यात शिजतेय. दुपार टळायला आली की फोन वाजतो. दुबेभाभींचा नवा फोटो असतो, रोज सुधारणा आहे हे कबूल करायला हवं. हे, जयपुरी रजई, आणि डावीकडून आलेला सुंदर उजेड.

मी खाली जोडलेले हात पाठवते.