ग्रुपवरून पुसलेला सल्ला

दुसऱ्यांचे कबुलीजबाब वाचण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. पोलिसांपुढे दिलेले, मॅजिस्ट्रेटपुढे दिलेले, देऊन मग फिरवलेले – सगळे प्रकार मी पाहिले आणि त्यातले बरेचसे कोर्टात उभं राहून फाडलेही. माझा स्वतःचा एक आहे. तो बायकोपुढे नाही, देवापुढे नाही, बार रूममधल्या जुन्या दोस्तांपुढेही नाही – कुणापुढेच मी आजवर उघडला नाही. आज तुमच्यापुढे उघडतो. तुम्ही मला ओळखत नाही, हे त्यातल्या त्यात बरं आहे.

मी कर्नाटकात, गोव्याच्या हद्दीजवळच्या रामनगरचा. घराणं मूळचं खानापूरकडचं, पण आता तिकडे आमचं कुणी उरलं नाही. वकिली जोयड्याच्या कोर्टात. कोर्टात कन्नड, बार रूममध्ये मराठी आणि कोकणी, वरच्या कोर्टाची कागदपत्रं इंग्रजीत – दिवसभरात जीभ किती वेळा वळते याचा हिशेब आम्ही ठेवत नाही. वकील मोजकेच. त्यामुळे आज जो समोर उभा राहून माझ्या अशिलाला खोटा ठरवतो, तोच संध्याकाळी मला गाडीवर मागे बसवून रामनगरला सोडतो.

व्हिडिओवर सुनावण्या सुरू झाल्या, तेव्हा आमची मोठी गंमत झाली. कोर्टाच्या आवारात रेंज धड नाही. रेंज सापडते ती थोडं वर, रस्त्याच्या वळणावर. मग धारवाडच्या खंडपीठापुढे ज्याचं काम, तो काळा कोट घालून त्या वळणावर जाऊन उभा. पाऊस असला तर छत्री. दोन्ही बाजूंचे वकील आमचेच असले तर दोघांत एकच छत्री. मागून म्हैस जायची आणि आम्ही मान लववून ‘माय लॉर्ड’ म्हणायचो. त्या दिवसांत मोबाइल, ई-फायलिंग, इलेक्ट्रॉनिक पुरावा यांतलं ज्याला थोडं कळतं, तो आमच्यात शहाणा ठरला. तो मी. दांडेली-हल्याळच्या वकिलांना धरून आम्ही एक व्हॉट्सअॅप ग्रुप काढला, त्याचा कारभारीही मीच. कुणी काही विचारलं की बाकीचे लिहायचे – थांबा, अण्णांना येऊ द्या.

तुम्हाला कधी कुणी असं म्हटलंय? फार गोड लागतं ते.

आमच्या बारचा एक अलिखित नियम आहे, तो सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. एकमेकांना सल्ला मागायला लाजायचं नाही. पण सल्ला कुणी दिला, त्याचं नाव कोर्टात किंवा पक्षकारापुढे कधीच काढायचं नाही. वकीलपत्र ज्याचं, जबाबदारी त्याची. जुन्या वकिलांनी घातलेला हा नियम चांगला आहे. त्यामुळेच नवा माणूस मोकळेपणाने विचारतो आणि जुना मोकळेपणाने सांगतो. या नियमाआड मी किती वर्षं लपून बसलो, ते आता सांगतो.

सुनंदा आमच्या बारमधली तेव्हाची सगळ्यात नवी वकील. सुपा धरणाच्या वरच्या अंगाला, जंगलातल्या एका कुणबी वाडीतली. तिच्या वाडीतून काळा कोट घालणारी ती पहिलीच. कामात पक्की, बोलण्यात जरा भिडस्त. मला अण्णा म्हणायची – अजून म्हणते.

तिच्याकडे कॅसलरॉकच्या बाजूची एक बाई आली, रुक्मा. नवरा वारलेला. घराखालचं भाताचं शेत नवऱ्याच्या वाटणीचं, पण वाटणी झाली ती तोंडी. कागद नाही. दीर गोव्यात कामाला. नवरा गेल्यावर दिराने तिला व्हॉट्सअॅपवर आपल्या आवाजात निरोप पाठवले होते – “वैनी, खालचं शेत दादाचंच, म्हंजी आता तुझंच हाय. तू कसत ऱ्हा. माझं काय म्हणणं न्हाई.” पुढे त्याचं म्हणणं निघालं. शेत सामायिक आहे, वाटणी कधी झालीच नाही, असं तो सांगू लागला. रुक्माकडे स्वतःचं म्हणता येईल असं ते एक शेत होतं, आणि ते तिचं आहे हे सांगणारा तो एक आवाज होता – तिच्या जुन्या फोनमध्ये.

सुनंदाने ग्रुपवर विचारलं, हे रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर घालून दिलं तर चालेल काय? मग फोन बाईंना परत देऊ काय?

मी तेव्हा रामनगरच्या स्टँडवर उभा होतो. बेळगावची गाडी लागत होती, एका हातात भजी. हल्याळच्या एका वकिलाचं ‘टायपिंग’ दिसायला लागलं. तो माझ्याआधी उत्तर देणार – एवढंच माझ्या मनात आलं. दुसरं काही नाही. मी तोंडातला घास तसाच ठेवून बटण दाबलं आणि बोललो, “पेन ड्राइव्हवर घे, बाईचं एक अॅफिडेव्हिट जोड, झालं काम. फोनची आता काय गरज न्हाई, देऊन टाक परत.” आणि गाडीत चढलो.

ते चूक होतं. तुम्ही वकील नसाल तर थोडक्यात सांगतो. आवाज ज्या फोनवर आला, तो फोन म्हणजे मूळ. बाई तो घेऊन पिंजऱ्यात उभी राहिली आणि तिथेच लावून दाखवला, तर गोष्ट वेगळी. पेन ड्राइव्ह म्हणजे नक्कल. नक्कल द्यायची तर ती कुठल्या फोनवरून, कशी घेतली, मध्ये हात लागला का नाही, याचा कायद्यातला ठरावीक दाखला सोबत लागतो. साधं अॅफिडेव्हिट पुरत नाही. आणि कुणी शंका काढली तर ताडून बघायला मूळ फोन हवाच. म्हणून निकाल लागेपर्यंत फोन जपायचा. हे मला माहीत नव्हतं? माहीत होतं. यावर तर मी भाषणं देत होतो. उंटावरून शेळ्या हाकायच्या नादात तोंडून उलटं गेलं, इतकंच.

इथवरचं तुम्ही माफ कराल, मला ठाऊक आहे. घाईत चूक कुणाकडून होत नाही? मीही इथवरचं स्वतःला कधीच माफ करून टाकलंय. पण कबुली त्याची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारच्या एका कार्यक्रमासाठी भाषण तयार करत होतो. विषय हाच. नक्कल, मूळ, दाखला – लिहिता लिहिता काल आपण काय बोललो ते कानात वाजलं. फोन उघडला. आपला संदेश कुणी कुणी ऐकला ते दिसतं ना, ते पाहिलं. त्यात सुनंदाचं नाव होतं. तिने ऐकला होता. त्याखाली तिचा ‘थँक्यू अण्णा’ही होता.

मग मी काय करायला हवं होतं? “काल चुकीचं बोललो, फोन ठेव.” बस. एवढ्या बोलण्याला किती वेळ लागतो? पण ते ग्रुपवर सगळ्यांपुढे म्हणावं लागलं असतं. हल्याळवाल्याने वाचलं असतं. थांबा, अण्णांना येऊ द्या म्हणणाऱ्यांनी वाचलं असतं – आणि मी तर त्याच विषयावर बोलायला निघालो होतो. मी माझ्या त्या संदेशावर बोट दाबून धरलं आणि तो सगळ्यांसाठी डिलीट केला. तिने ऐकलाय हे बघून, समजून, मग डिलीट केला. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, हे पोरासोरांनाही कळतं. मी तर पुरावे नष्ट करण्याची कलमं तोंडपाठ असलेला माणूस.

तिला वेगळा फोन केला असता, तर? ती वाडीवर गेली होती, तिथे रेंज नाही – अशी मी मनाची समजूत घातली. अहो, आमच्याकडे रेंज नसली म्हणून निरोप अडतो काय? वस्तीच्या गाडीच्या कंडक्टरला सांगितलं असतं तर त्याने तो घरापर्यंत पोचवला असता. आणि कंडक्टर कशाला – सोमवारी ती कोर्टात आली. माझ्या शेजारी बसून चहा प्याली. पावसाचं बोललो, नव्या जजसाहेबांचं बोललो. तो फोन तेव्हाही रुक्माकडे होता. त्यानंतर कितीतरी दिवस होता. रोज सुनंदा दिसायची आणि रोज मी म्हणायचो – उद्या.

मग रुक्माने रामनगरला येऊन तो फोन एक्स्चेंजमध्ये दिला आणि नवा घेतला. दुकानदाराने जुना पुसून साफ केला. तिचं काही चुकलं नाही. तिने वकीलबाईंना विचारलं होतं आणि वकीलबाईंनी सांगितलं होतं, आता गरज नाही.

सुनावणीत दिराच्या वकिलाने नेमकं तिथेच बोट ठेवलं. दाखला नाही. मूळ फोन कुठे आहे? नाही. हा आवाज जोडून-तोडून केलेला नाही कशावरून? दाखला आता देणार म्हटलं, तर कुठला फोन बघून देणार? रेकॉर्डिंग बाजूला पडलं. ते पडल्यावर रुक्माच्या बाजूला उरलं तिचं तोंडी सांगणं. दावा गेला. सुनंदाने अपील केलं, तेही गेलं.

निकालाच्या दिवशी रुक्मा पायरीवर बसली होती. ओरडली नाही, रडलीही नाही. सुनंदाला म्हणाली, “वकीलबाय, त्यो सोताच बोललेला न्हवं? तुमी बी आयकलासा. मग सायबास्नी ते ऐकूच जाईना व्हय?” सुनंदाने तिचा हात धरून ठेवला. मी दोन हातांवर खांबाला टेकून उभा होतो.

आता तेच सांगतो, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

त्याच दुपारी सुनंदा मला व्हरांड्यात एकट्याला गाठून म्हणाली, “अण्णा, रागावू नका. फोनची गरज न्हाई म्हणून तुम्हीच सांगितलं होतं न्हवं?” आवाजात तक्रार नव्हती. तिला फक्त खात्री करून घ्यायची होती.

मी म्हणालो, “मी? मी तर निकालापर्यंत फोन जपून ठेव म्हटलं होतं.”

तिने मोबाइल काढला. ग्रुपवर मागे मागे जात राहिली. बराच वेळ. माझ्या नावाखाली ती ओळ सापडली – हा मेसेज डिलीट केला आहे. आणि तिच्याखाली तिचाच ‘थँक्यू अण्णा’. तिने ते पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

“ते दुसरंच कायतरी चुकून गेलं होतं,” मी म्हणालो.

तिने ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग मोबाइल पर्समध्ये ठेवला. “व्हय. मग माझंच चुकलं असंल, अण्णा. माझ्याच डोक्यात कायतरी गोंधळ झाला.”

आवाज पुसला गेला म्हणून एका बाईचं शेत गेलं. मीही एक आवाज पुसला, आणि दुसऱ्या एका बाईचा स्वतःच्या कानांवरचा भरवसा काढून घेतला. मी जन्मभर सांगत आलोय, पुरावा नसला की खरं बोलणारा माणूसही ढिला पडतो. ते मी माझ्या धाकट्या बहिणीसारख्या पोरीवर वापरलं. मला लाज वाटते. तेव्हाही वाटली होती. पण तेव्हा लाजेपेक्षा सुटल्याचं बरं जास्त वाटलं, हेही लिहून ठेवतो.

तिने माझ्यावर खरंच विश्वास ठेवला? की सगळं ओळखून मला सोडून दिलं? मला आजही ठाऊक नाही. कुणापुढे तिने माझं नाव काढलं नाही. बारचा नियम तिने पाळला.

रुक्मा अजून तिथेच राहते. खालचं शेत दिराने दुसऱ्याला कसायला दिलंय. लावणीला माणसं लागली की ती रोजावर जाते, त्याच शेतात. हे मला सुनंदानेच सांगितलं. ती अजून जाते तिच्याकडे.

गेल्या महिन्यात आमच्या बारने नव्या वकिलांसाठी रामनगरला एक दिवसाचं शिबिर ठेवलं. विषय – मोबाइल आणि पुरावा. मुख्य वक्ता मी. माझ्याआधी सुनंदा बोलली. आता तिचं चांगलं नाव आहे, समोरची पोरंपोरी कान देऊन ऐकत होती. ती म्हणाली, “मी नवी असताना एका बाईला जुना फोन देऊन टाकायला सांगितलं. कुणाला नीट न विचारता. त्यात तिचं शेत गेलं. चूक सर्वस्वी माझी होती. तुम्ही करू नका.”

पोरं ते वहीत लिहून घेत होती. मी पहिल्या रांगेत, गळ्यात हार. तिने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मग म्हणाली, “योग्य काय ते आता अण्णा सांगतील,” आणि खाली उतरून माइक माझ्या हातात दिला.

मी उठलो. मूळ फोन निकाल लागेपर्यंत का जपायचा, ते सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. टाळ्या पडल्या. सुनंदानेही वाजवल्या.