डाळिंबाचा रंग कोन चोरतंय?

शाळेत मी एकदाच गेल्तो, भिंत सारवायला. पन डाळिंबाची तोडनी म्हनली की शेवगाव भागात मलाच बोलावनं यायचं. कोनतं फळ आज तोडायचं न् कोनतं ठेवायचं, हे मी रंगावरनं सांगायचो. तेवढ्या एका अकलेवर आमचं घर चालायचं.

मागच्या हंगामात माझे डोळे भायेर आले, बेडकावानी. वजन उतरलं, हात थरथराया लागले. भाकरीकडं पाह्यलं तरी बायको म्हनायची, "अवो, डोळं कशाला वटारताय?" गल्लीतल्या बाया लेकरं पदराखाली झाकायच्या, माझी दिष्ट लागंल मनून. मला वाटायचं, ह्यांनीच माझ्यावर कायतरी केलंय.

मग एकाची दोन दिसाया लागली, मनून मी डावा डोळा मिटून बघायचो. अशात डाळिंबं फिकी दिसाया लागली. मी बागवाल्याला म्हनलं, "अण्णा, माल कच्चा हाय. थांबा." अण्णा थांबले न् फळं झाडावरच तडकली.

"आरं, लालबुंद हुती की! दिसत न्हाई का तुला?"

मी वळखलं, मला काढायचं मनून हे नाटक हाय. घरी आलो तर कालवनबी फिकं. बायकोवर खेकसलो, "तिखट कुनाला वाटून आलीस?" घास घेतला न् नाकातोंडातनं पानी. तरी मला वाटलं, हिनं रंग तेवढा काढून घेतला, जाळ माझ्यासाठी ठेवला.

शेवटी तिनंच मला नगरला डोळ्याच्या दवाखान्यात नेलं. तिथली डॉक्टरीनबाई माझा गळा चाचपाया लागली. मी बायकोच्या कानात म्हनलं, "दुखनं डोळ्यात, न् ही नरडं धरतीय. चल हितनं."

"बिडी ओढता का, बाबा?" बाईनं इचारलं.

मी बायकोकडं बघितलं. चुगली हिचीच.

"बोटं पिवळी आहेत तुमची," बाई म्हनली.

मग तिनं बाटलीचं लाल बूच एकेका डोळ्याम्होरं धरलं. डाव्याला लाल, उजव्याला मातकट. मी म्हनलं, "बाई, तुमी बूच बदललं. असले जादूवाले आमच्या बाजारातबी येत्यात."

बाई हसली न्हाई. बायकोनं पिशवीतनं डाळिंब काढलं न् माझ्या मुठीत कोंबलं. "घ्या. आता कोन बदलतंय ते धरा."

मी डावा डोळा झाकला. डाळिंब चिकूसारखं. डावा उघडून उजवा झाकला. लाल. परत झाकला, परत उघडला. माझ्याच मुठीत बसून ते रंग बदलत हुतं. चोर माझ्याच कवटीत बसला हुता, न् मी झडती गावाची घेत हुतो.

बाईनं समजावलं, "गळ्यातल्या थायरॉईडच्या आजारानं डोळ्यामागं सूज आलीय, बिडीनं ती वाढलीय. ती नजरेची नस दाबतेय. उजवा किती परत येईल सांगता येत नाही. डावाही जाऊ शकतो. आजच भरती व्हा."

"घरी इचारून येतो," मी म्हनलं.

"घर हितंच हुबं हाय," बायको म्हनली. "इचारा."

सलाईनमधनं औषध सोडलं. पुढं ऑपरेशन करून, डोळ्यामागचं हाड थोडं काढून, आत जागा केली. डावा वाचला. उजव्याला मानूस म्हंजे नुसती सावली. त्या बाजूनं काय हललं की मी आधीच राम राम ठोकतो. परवा एका गाईला ठोकला. आता कुनी उलट राम राम केला न्हाई, तर त्याचा माझ्यावर राग हाय का ते जनावर हाय, ह्याचा मी घरी येईस्तोवर इचार करतो.