कलमाखालची फांदी

गुलाब लावायचं मनात आलं तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते आणि त्याआधी साधी तुळससुद्धा माझ्या हातून जगली नव्हती. तशी मी शेतकऱ्याची मुलगी. धुळ्याजवळच्या गावातून शिकायला बाहेर पडले, जळगावात नोकरीला लागले आणि मातीशी संबंध उरला तो चपलांपुरता.

जानेवारीत नशिराबादच्या बाजूला हायवेलगतच्या एका नर्सरीतून पाच रोपं आणली. पाचही फुललेली. माती मात्र भावाकडून मागवली, आमच्या शेतातली काळी, गोणीभर. जिच्यात कापूस छातीएवढा वाढतो तिच्यात गुलाब का येणार नाही, असं मला वाटलं. कुंड्यांखाली बशा ठेवल्या आणि सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं. पानं पिवळी पडायला लागली तसं आणखी घातलं. होळीपर्यंत तीन रोपं गेली. त्यातलं एक उपटून पाहिलं तर मुळं काळी पडून कुजलेली होती.

नर्सरीवाल्याला जाऊन सांगितलं. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. "ताई, शेतात पाणी खाली उतरतं. कुंडीत ते कुठे जाईल? त्यात ही चिकट माती. रेती घाला, शेणखत घाला, बशा काढून टाका. आणि बोट खुपसून बघा, वरची माती कोरडी लागली तरच पाणी."

उरलेली दोन रोपं तशी पुन्हा लावली. उन्हाळाभर दुपारी त्यांच्यावर हिरवी जाळी बांधली. दोन्ही तगली. पावसाळ्यात त्यातल्या एकाला बुडातून जाडजूड फांदी फुटली आणि बघता बघता माझ्या खांद्याला लागली. फूल नव्हतं, पण हिरवागार जोर होता. मी तिला काठीचा आधार दिला. येईल त्याला ती दाखवायचे.

श्रावणात आबा, म्हणजे माझे वडील, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले. आई जाऊन वर्ष होत आलं होतं. शेत भावाच्या हाती दिल्यापासून त्यांचं बोलणंच कमी झालं होतं. ऑपरेशननंतर काळा चष्मा लावून ते दिवसभर गॅलरीत बसून राहत. जेवलात का, तर हो. दुखतंय का, तर नाही. याच्यापुढे शब्द नाही.

एका सकाळी मी त्यांना ती फांदी दाखवली. त्यांनी खुर्ची कुंडीजवळ ओढायला लावली. वाकायची मनाई होती, म्हणून मी कुंडी स्टुलावर ठेवली. त्यांनी बोटांनी खोड चाचपलं, एका गाठीपाशी थांबले आणि पुन्हा खाली गेले.

"माय, हाई फांदी तुना गुलाबनी नई शे," ते त्यांच्या अहिराणीत म्हणाले. "हाई खालनी जंगली शे."

मला राग आला. "आबा, तुम्ही कधी गुलाब लावलाय?"

"गुलाब नई. बोर लायेल शे." गोड बोराच्या फांदीवरचा डोळा, म्हणजे फुटू पाहणारा अंकुर, चाकूने काढून रानबोरीच्या सालीत भरतात, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. गुलाबाचंही तसंच असणार. गाठीच्या वर कलम, खाली रानटी खोड. खालचं फुटलं की सगळा रस तेच ओढतं आणि वरचं उपाशी मरतं. "कलमना खाले जे फुटस, ते बठ्ठं काढी टाकनं पडस."

मी कापू दिलं नाही. त्यांनीही हट्ट धरला नाही. दिवसभर मी त्या फांदीकडे बघत होते. संध्याकाळी पानं मोजली. वरच्या काटकुळ्या फांदीवर एका देठाला पाच पानं होती, माझ्या लाडक्या फांदीवर सात. म्हणजे झाडच वेगळं. कात्री आणली. "बुडपासून," आबा म्हणाले. कापताना खरंच जिवावर आलं.

त्यानंतर आबा रोज सकाळी त्या रोपाची चौकशी करू लागले. मग आपोआप बोरांच्या गोष्टी निघाल्या, आईने बोरीच्या काट्यांनी फाडून घेतलेल्या लुगड्याच्याही. आईबद्दल ते पहिल्यांदाच बोलत होते. मी ऑफिसला उशिरा जाऊ लागले.

पाऊस संपल्यावर नर्सरीवाल्याला विचारून दोन्ही रोपांची छाटणी केली. दिवाळीला नुसते लालसर कोंब होते. मार्गशीर्षात त्या काटकुळ्या रोपावर पहिली कळी उमलली. गडद गुलाबी, वाटीएवढी. आबा तोवर गावी परतले होते. मी फोनवर सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "वास शे का?"

"आहे, आबा. मंद आहे."

"मंग तोडू नको. ऱ्हाऊ दे झाडवर."

आता माझ्याकडे सात कुंड्या आहेत. एकीवर माव्याची कीड पडलीय, दुसरी का रुसली आहे ते अजून कळलेलं नाही. आबा संक्रांतीला येणार आहेत. येताना डोळा भरायचा चाकू आणतो म्हणाले.